अरबी समुद्रातली चक्रीवादळं: जुन्या नोंदी आणि आजचा कल

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा ‘कोकणात असं कधी झालंच नव्हतं’ असं जो तो म्हणत होता. झालं होतं. मे १६१८ मध्ये वादळानं वसई-मुंबईची दैना केल्याचं पोर्तुगीजांनी लिहून ठेवलंय. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईनं चक्रीवादळ झेललं. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ आलं आणि समुद्रावर गेलेले कितीतरी खलाशी परतलेच नाहीत.

जुन्या गोष्टी मात्र पारखूनच घ्याव्यात. जून १८८२ च्या वादळात मुंबईत लाखभर माणसं गेली, असं अजूनही छापून येतं. १८८१ च्या जनगणनेत शहराची वस्ती होती पावणेआठ लाख. म्हणजे दर आठ माणसांमागे एक गेला असता, आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांत त्याचा मागमूसही नाही! अभ्यासकांना पुरावा सापडलेला नाही. हा आकडा आता तरी सोडून द्यावा.

हवामान खातं सुरू झालं १८७५ ला. उपग्रह येईपर्यंत भर समुद्रातलं वादळ कळायचं ते त्यात सापडलेल्या जहाजांकडून. किनाऱ्याला न लागता विरलेली कित्येक वादळं नोंदीतून निसटली असणार. १९०२ मध्ये अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं नोंदली गेली, २०१९ मध्येही पाचच. पण १९०२ ची खरोखर पाचच होती का?

उपग्रहांच्या काळातलं चित्र जास्त भरवशाचं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरातली ८ टक्क्यांनी घटली. वादळाला बळ मिळतं ते कोमट समुद्रावरच्या वाफेतून, आणि एरवी उपसागरापेक्षा थंड असलेला अरबी समुद्र आता तापत चाललाय.

तरी समुद्रात वादळं वाढली म्हणून कोकणावर आदळणारीही तितकीच वाढली, असं म्हणता येत नाही. बरीचशी ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे वळतात, काही समुद्रातच विरतात. कोकणावर थेट येणारी इतकी मोजकी, की त्यांवरून कल काढणं धाडसाचं ठरेल.

पण नुकसान सोसायला एकच पुरतं. ‘निसर्ग’नं श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. नवं रोप फळाला यायला सहा-सात वर्षं तरी जातात. त्या पावसाळ्यात लावलेली रोपं वर्षाचीही झाली नव्हती, तोच मे २०२१ मध्ये बंदरांवर पुन्हा धोक्याचे बावटे चढले. ‘तौक्ते’ किनाऱ्यालगत वर सरकत होतं.