रॉटरडॅमला सापडले ते नाशिकला का दिसले नाही?

द्राक्षांचा हंगाम भरात आला की मोबाइलवर दोन निरोप फिरू लागतात. पहिला म्हणतो, युरोपने नाकारलेला 'विषारी' माल आपल्या गळ्यात मारला जातो. दुसऱ्यात मीठ, हळद किंवा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात घड बुडवून 'औषध उतरवण्याची' कृती असते. सोबत पांढुरक्या मण्यांचा फोटो. मण्यावरची एकसारखी पांढुरकी लव हे सालीचे नैसर्गिक मेण असते; फवारणीचे डाग ओघळासारखे, ठिपक्याठिपक्यांचे दिसतात. पहिला निरोप पाठवणाऱ्याला फळातल्या औषध-अवशेषांच्या मर्यादेचा अर्थ ठाऊक नसतो, दुसरा पाठवणाऱ्याला रसायन फळात नेमके कुठे असते ते. २०१० सालच्या एका प्रकरणात दोन्ही गोष्टी नीट कळतात.

त्या हंगामात नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमसह युरोपच्या बंदरांवर भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. मण्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारे रसायन, म्हणजे बागायतदारांचे 'सीसीसी', सापडले होते. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. १४ टनांच्या एका कंटेनरमध्ये सगळे मिळून ०.७ ग्रॅम, एवढेच. मालासोबत भारतातल्या प्रयोगशाळांचे 'पास' अहवाल होते आणि ते खोटे नव्हते.

हे अहवाल ज्या व्यवस्थेतून येतात तीही अशाच एका धक्क्यातून उभी राहिली. २००३ साली डच तपासणीत भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष सापडले. त्यानंतर अवशेष संनियंत्रणाचा आराखडा आला आणि २००६ मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेची 'ग्रेपनेट' ही संगणकीय नोंद. निर्यातीचा प्रत्येक प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवायचा, फवारणीची वही ठेवायची, नमुना बागायतदाराने नव्हे तर प्रयोगशाळेच्या माणसाने काढायचा. तपासणीची पद्धत पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ठरवते. निफाड-दिंडोरीचा बागायतदार हे सगळे तोंडपाठ सांगतो. तरीही सीसीसी निसटले. एक तर ते तेव्हा तपासायच्या यादीतच नव्हते. दुसरे कारण रसायनशास्त्रातले आहे.

सीसीसी द्राक्षावर मारतातच कशाला? एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी फुटते आणि तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात आकार घेतो. डोळ्यातला तो अंकुर सुरुवातीला दोन्हीकडे झुकू शकतो. सायटोकायनिन या संप्रेरकाचा जोर असला तर त्याचा घड होतो, जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा असला तर बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू. काडी पळत सुटली, म्हणजे तिच्यात जिबरेलिन भरपूर असले, की ऑक्टोबरात घडांऐवजी बाळ्या निघतात. सीसीसी जिबरेलिन तयार होण्याच्या साखळीतल्या अगदी सुरुवातीच्या विकराला अडवते, वाढ थांबते, पेरे आखूड राहतात, डोळे फळधारक होतात. गंमत अशी की एप्रिल-मे महिन्यांत जे संप्रेरक दाबायचे, तेच ऑक्टोबरच्या फळ छाटणीनंतर 'जीए' म्हणून विकत आणायचे आणि मणी फुगावा म्हणून घड त्यात बुडवायचे.

मे महिन्यातली फवारणी आणि फेब्रुवारीतली काढणी यांत आठ-नऊ महिने जातात. इतर औषधांच्या हिशेबाने एवढ्या काळात काही उरू नये. पण सीसीसी पानातून आत शिरते, रसाबरोबर काडीत, ओलांड्यात (वेलाच्या आडव्या फांदीत), खोडात जाते आणि तिथे फार हळू मोडते. लाकडाच्या आत ऊन पोचत नाही, पाऊस आतले काही धुऊन नेत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर नवी पाने पिकेपर्यंत वेल साठवणीवरच जगते. त्या साठ्याबरोबर सीसीसीही घडाकडे चढते. म्हणून काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते मोजून इथे सुटका होत नाही. युरोपात नासपतीच्या बागांतही हेच घडले होते. वापर बंद झाल्यावरही झाडांच्या लाकडातून फळांत अवशेष वर्षानुवर्षे येत राहिले आणि नासपतीपुरती मर्यादा काही काळ जास्त ठेवून टप्प्याटप्प्याने उतरवावी लागली. मीठ-हळदीच्या पाण्याचे काय होणार ते सांगायला नको. सालीवरची धूळ आणि वरवरचा थोडा अंश साध्या पाण्यानेही जातो. गरात मुरलेले सीसीसी मात्र भूत उतरवण्याच्या विधीनेही निघत नाही.

आता प्रयोगशाळेत. शेकडो औषधे एका फटक्यात शोधण्याची भारतातली द्राक्षांसाठीची नेहमीची रीत अशी: नमुना मिक्सरमध्ये बारीक करायचा, १० ग्रॅम लगदा, त्यात १० मिलिलिटर इथाइल ॲसिटेट आणि पाणी शोषायला १० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट. घुसळायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, वरचा थर घ्यायचा, साफ करून यंत्रात सोडायचा. बहुतेक कीटकनाशके तेलकट स्वभावाची असल्याने पाणी सोडून त्या थरात येतात. सीसीसीच्या रेणूत मात्र एका नायट्रोजनला चार कार्बन जोडलेले असतात, त्यामुळे त्यावर कायमचा धनभार असतो. आम्ल घाला की अल्कली, तो उतरत नाही. असा रेणू पाणी सोडत नाही. मिठाचे पाणी तुपात घोळवायचे आणि मग तुपात मीठ शोधायचे, तसा हा प्रकार. लाखो रुपयांचे यंत्र 'आढळले नाही' म्हणते आणि ते खरेच असते, कारण त्याच्यापर्यंत काही पोचलेलेच नसते.

अशा हट्टी रेणूंसाठी जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या युरोपीय संदर्भ प्रयोगशाळेने वेगळी रीत बांधली, तिला 'क्युप्पे' म्हणतात. १० ग्रॅम लगद्यात दोनेक मिलिलिटर पाणी घालून, द्राक्षातले धरून, एकूण पाणी १० मिलिलिटर करायचे. त्यावर १ टक्का फॉर्मिक आम्ल असलेले १० मिलिलिटर मेथॅनॉल. मेथॅनॉल पाण्यात मिसळतेच, त्यामुळे थर वेगळे होण्याचा प्रश्न येत नाही. घुसळा, फिरवा, गाळा, यंत्रात सोडा. १२२ वस्तुमानाचा आयन घेऊन तो फोडायचा आणि ५८ वस्तुमानाचा तुकडा मोजायचा. इथे दोन ठिकाणी घोळ होतो. साफसफाईचा टप्पा नसल्याने द्राक्षाची सगळी साखर यंत्रात जाते आणि सीसीसीचा संकेत दाबून टाकते. म्हणून ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावलेले सीसीसी ठरावीक मात्रेत सुरुवातीलाच मिसळतात, त्याचा संकेत जेवढा दबला तेवढी दुरुस्ती खऱ्यात करतात. आणि धनभारित रेणू काचेला चिकटतो, म्हणून कुप्या प्लास्टिकच्या घ्यायच्या.

मग रॉटरडॅमला सापडले ते विषच होते का? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने, ज्याला जेएमपीआर म्हणतात, सीसीसीसाठी एका दिवसाची धोक्याआतली मात्रा शरीराच्या किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम धरली आहे. ६० किलोच्या माणसाला ३ मिलिग्रॅम. बरोबर मर्यादेवर असलेली द्राक्षे त्याला दिवसात ६० किलो खावी लागतील. मर्यादेच्या दहापट अवशेष असले तर ६ किलो. १५ किलोच्या मुलाचा हिशेब मात्र दहापटीला दीड किलोवर येतो, म्हणून 'काही होत नाही' म्हणून हात झटकताही येत नाहीत. गव्हासारख्या धान्यात तर युरोप याच सीसीसीचे कितीतरी जास्त अवशेष चालवून घेतो, कारण पीक लोळू नये म्हणून तिथले शेतकरी ते गव्हावर मारतात. द्राक्षावर त्याचा वापर त्यांना मान्यच नव्हता, म्हणून मर्यादा यंत्राला खात्रीने मोजता येईल तिथवर खाली ओढलेली होती. मर्यादा ओलांडली याचा अर्थ वापराचा नियम मोडला, एवढाच. विषबाधा हा वेगळा हिशेब आहे.

मग दोन सरकारांनी बसून ही मर्यादा बदलावी का? राजनैतिक सहकार्य म्हटले की आपल्याला करारावर सही करणारे मंत्री दिसतात. पण भारत आणि नेदरलँड्स मिळून द्राक्षातली मर्यादा बदलू शकत नाहीत. ती अख्ख्या युरोपीय संघाची असते. बदल हवा असेल तर एका सदस्य देशाकडे आयात सहनमर्यादेचा (आयात मालासाठीच्या मर्यादेचा) अर्ज करायचा, सोबत प्रत्यक्ष बागांतल्या अवशेष-प्रयोगांची आणि विषशास्त्राची आकडेवारी द्यायची. ते वर्षांचे काम असते. मर्यादा बदलण्याआधी इतरांना कळवण्याचे बंधन १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या आरोग्य व वनस्पती-आरोग्य कराराने घातले आहे. हे कळवणे दिल्लीत पोचून फाइलीतच राहिले आणि तपासायची यादी जुनीच राहिली, तर निफाडच्या बागायतदाराला ते थेट बंदरावर कळते. उलट बाजूने, डच तपासनिसाला काही सापडले तर युरोपच्या शीघ्र सूचना यंत्रणेतून ते भारताला कळते आणि ग्रेपनेटच्या नोंदीवरून कंटेनर, पॅकहाउस, प्लॉट असा माग मागे काढता येतो.

दोन्ही टोकांचे आकडे जुळण्यासाठी प्रावीण्य चाचण्या असतात. एकच एकजीव नमुना सगळ्या प्रयोगशाळांना पाठवतात. खरे मूल्य ०.१० असेल आणि त्याच्या २५ टक्के चुकीला एक गुण धरला, तर दोन गुणांपर्यंतची चूक चालते: ०.०६ सांगणारी प्रयोगशाळा उणे १.६ गुणांवर पास होते, ०.०४ सांगणारी उणे २.४ वर शंकास्पद ठरते. युरोपचे तपासनीस स्वतः मोजलेल्या आकड्यात ५० टक्के अनिश्चितता धरतात: ०.०९ आले तर निम्मे वजा करून ०.०४५, म्हणजे ०.०५ च्या आत, म्हणून माल सुटतो, ०.११ आले तर ०.०५५, अडतो. पाठवणाऱ्याने ही सूट आपल्या खात्यात धरून माल भरणे शहाणपणाचे नाही. शिवाय जर्मनीतल्या काही साखळी दुकानांना कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अवशेष चालतात. त्या अटीवर कुठलेही सरकार बोलणी करत नाही.

२०१० नंतर सीसीसी तपासायच्या यादीत आले. ते टाळायचे तर काडीचा जोर आता सबकेन करून (काडीचा शेंडा खुडून बगलफूट वाढवून), वेळेवर शेंडा मारून, पाणी आणि नत्र कमी करून, पालाश वाढवून धरावा लागतो. मजुरी वाढते. जुनी बाग कराराने घेताना आधीच्या मालकाची एप्रिल-मेची फवारणीची वही मागून घ्यावी, कारण लाकडातला साठा मालक बदलल्याने जात नाही. आणि ऑक्टोबर छाटणीआधी पानगळीसाठी इथेफॉन मारणाऱ्यांनी प्रयोगशाळेला एक प्रश्न जरूर विचारावा: हे तुम्ही नेहमीच्या इथाइल ॲसिटेटच्या नमुन्यातच शोधता, की वेगळा नमुना लावता? इथेफॉनही पाणी सोडत नाही.