माळेच्या गोष्टीतला गाळलेला तिसरा दिवस

आषाढी जवळ आली की सोलापुरात एक गोष्ट हमखास कानावर येते. अमुक जण वीस वर्षं तंबाखू मळत होता, पंढरपुरात तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून पुडीला हात लावला नाही. गोष्ट खोटी असतेच असं नाही. पण तिच्यातला सगळ्यात कामाचा भाग सांगणाऱ्याने गाळलेला असतो.

'हे मला जमेल' हा विश्वास कुठून येतो? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये चार वाटा सांगितल्या: स्वतःचा अनुभव, दुसऱ्याला जमलेलं पाहणं, कुणी पटवून देणं आणि आपल्या शरीराची अवस्था. माळेची गोष्ट येते दुसऱ्या वाटेने. पण पाहण्या-पाहण्यातही फरक असतो. १९७१ मध्ये डोनाल्ड मायकेनबॉम यांनी सापाला घाबरणाऱ्यांवर प्रयोग केला. काहींना साप बेधडक हाताळणारी माणसं दाखवली; काहींना आधी बिचकणारी, मग स्वतःला समजावत हात पुढे नेणारी. भीती जास्त कमी झाली ती बिचकणारे पाहिलेल्यांची. बेधडक माणसाबद्दल आपण म्हणतो, 'त्याचं काळीजच वेगळं.' बिचकणाऱ्यात आपला थरथरता हात दिसतो आणि त्या हाताने पुढे काय केलं, तेही कळतं.

आता चौथी वाट, शरीराची अवस्था. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने मेंदूत निकोटिन पकडणारे ग्राही वाढलेले असतात. ते एकाएकी रिकामे राहतात. म्हणून चिडचिड, झोपमोड, कशात लक्ष न लागणं. हा जोर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. 'त्या दिवसापासून बंद' एवढंच ऐकलेला माणूस या चिडचिडीचा अर्थ लावतो, 'माझीच भक्ती कमी पडली.' कमी काही पडलेलं नसतं, ग्राही वाढलेले असतात!

आळंदीहून पायी निघालेला पंढरपुरात पोचेपर्यंत साधारण तीन आठवडे जातात. निघतानाच सोडली तर वाईट दिवस बरेचसे वाटेतच सरतात, नेहमीच्या कट्ट्यापासून लांब. (दिंडीतही पुडी फिरते, तो भाग वेगळा.) माळ पंढरपुरात घातली तर मात्र तिसरा दिवस सोलापुरात उजाडतो, नेहमीच्या टपरीसमोर.

दारूचं गणित वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. अशाला बुवाने दिलेली औषधाची पुडी जेवणात कालवून 'सोडवणं' हा धोका आहे. आधी डॉक्टर, मग माळ.

तेव्हा माळकऱ्याला विचारायचं ते हे: तिसऱ्या दिवशी काय केलं? कितीदा घसरलात? टपरीचा रस्ता बदललात का? उत्तरातून आपलं 'जर-तर' वाक्य बनवायचं, कारण वेळ आणि कृती आधीच जोडून ठेवली की ऐनवेळी विचार करावा लागत नाही. 'तंबाखू सोडणार' हे वाक्य ढिलं. 'जेवणानंतर हात खिशाकडे गेला, तर बडीशेप तोंडात टाकून दहा मिनिटं चालायचं' हे पक्कं. खिशातून पुडी काढून तिथे बडीशेप मात्र आदल्या रात्रीच ठेवलेली हवी.