एकटा ड्रॅगन आणि चार जणांची पार्टी: बॅलन्सचं निसरडं गणित

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे टेबलटॉप गेम जे खेळतात त्यांना हा प्रकार नवीन नाही. डीएमने, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या आणि सगळे राक्षस चालवणाऱ्या माणसाने, कित्येक रविवार ज्या ड्रॅगनची हवा केली तो एकदाचा समोर येतो आणि पार्टी, म्हणजे प्लेयरांच्या हिरोंची टोळी, त्याला दोन राऊंडमध्ये (प्रत्येकाची एकेक पाळी झाली की एक राऊंड) आडवा करते. मग डीएम चिडून पुढचा मॉन्स्टर थोडासाच तगडा करतो तर अख्खी पार्टी मरते, मधलं काही मिळतच नाही. नाशकात इंदिरानगरला आमचा ग्रुप बसतो तिथे यावर हमखास भांडण होतं, प्लेयर म्हणतात डीएमला अंदाज येत नाही, डीएम म्हणतो फासे वाईट पडले. मला विचाराल तर दोघांचाही दोष फारसा नाही, गणितच तसं आहे.

हे गणित मांडलं फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनियरने, १९१६ साली, आणि तेही विमानांच्या लढाईसाठी. हा माणूस खरं तर मोटारी बनवणारा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की जिथे सगळे मिळून एकावर मारा करू शकतात तिथे संख्येचा फायदा साधा राहत नाही, तो वर्गाच्या पटीत वाढतो, कारण जास्त माणसं म्हणजे जास्त मार, आणि जास्त मार म्हणजे समोरची माणसं लवकर कमी, म्हणजे आपल्यावरचा मारही कमी.

आता आपल्या टेबलावर या. समजा चार हिरो आहेत, प्रत्येकाचे ५० हिट पॉइंट (म्हणजे जीव, शून्य झाले की पडला), आणि प्रत्येक जण राऊंडला सरासरी १० डॅमेज करतो, म्हणजे समोरच्याचे तेवढे पॉइंट कमी करतो. समोर एकच मॉन्स्टर, तो एकेकाला धरून मारतो. पहिला पडेपर्यंत चौघे मारतायत, मग तिघे, मग दोघे, मग एक. एकेकाला पाडायला वेळ सारखाच लागतो, म्हणून बेरीज ४ + ३ + २ + १ म्हणजे १०. म्हणून बरोबरीची लढाई हवी असेल तर मॉन्स्टरचे हिट पॉइंट गुणिले त्याचं डॅमेज हा गुणाकार एका हिरोच्या गुणाकाराच्या १० पट लागतो, चार पट नाही! इथेच बहुतेक नवे डीएम फसतात, चौघं आहेत ना, मग चौपट करू म्हणतात, आणि ड्रॅगन बिचारा एखाद्यालाच घेऊन जातो.

हा आकडा उलटा वाचला की खरी गंमत दिसते. गुणाकार ४ पट असेल तर पार्टी जिंकते तेव्हा साधारण एक जण पडलेला असतो. ७ पटीला दोन, ९ पटीला तीन, १० पटीला सगळे खलास. म्हणजे एक मेला ते दोन मेले यात भरपूर अंतर आहे पण "शेवटचा एक जण कसाबसा वाचला, काय फाइट झाली राव" आणि "सगळे मेले, कॅम्पेन संपलं" यात फक्त ९ आणि १० चा फरक, म्हणजे ११ टक्के. आपल्याला सगळ्यांना थरार पाहिजे असतो आणि तो नेमका कड्याच्या टोकावर आहे.

आणि हे ११ टक्के किती किरकोळ आहेत बघा. मॉन्स्टरचं चिलखत १९ आहे, म्हणजे वार लागायला बेरीज निदान १९ हवी, हिरोला फाशावर ७ अधिक मिळतात, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा वर पडायला हवं, शक्यता ४५ टक्के. डीएमने चिलखत फक्त एकने वाढवून २० केलं की शक्यता ४० टक्के. दिसायला पाच टक्के, पण ४५ वरून ४० म्हणजे मार नवव्या हिश्श्याने कमी झाला, ड्रॅगनचे हिट पॉइंट साडेबारा टक्क्यांनी वाढवल्यासारखंच झालं. ९ चे १० पेक्षा जास्त झाले. एका पॉइंटात पार्टी साफ.

बरं तोच १० पट गुणाकार तुम्ही कसा वाटता यावरही बरंच अवलंबून आहे. वरच्या हिरोंसमोर २०० हिट पॉइंट आणि २५ डॅमेजवाला मॉन्स्टर ठेवला तर लढाई ८ राऊंड चालते. १०० आणि ५० केलं तर ४ राऊंड, आणि दर राऊंडला एक जण मरून मोबाइल बघत बसतो. ५०० आणि १० केलं तर २० राऊंड, म्हणजे रात्रीचे दोन वाजले तरी तुम्ही ड्रॅगनला खरवडताय. कागदावर तिन्ही लढाया सारख्याच. नुसते हिट पॉइंट वाढवणं हा मला सगळ्यात आळशी उपाय वाटतो.

गेम बनवणाऱ्यांनाही हे कळत असणारच. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एकापेक्षा जास्त मॉन्स्टर असले की लढाई किती अवघड ते काढायला त्यांच्या अनुभवाच्या पॉइंटांच्या (एक्सपी, हिट पॉइंट नव्हे) बेरजेला गुणायचं होतं, दोन असतील तर दीडने, तीन ते सहा असतील तर दोनने. आता आपल्या बेरजेशी ताडून बघा: दोन मॉन्स्टर म्हणजे २ गुणिले दीड = ३, आपलं २ + १ पण ३. तीन म्हणजे ६, आपलंही ६. चारला मात्र त्यांचे ८ आणि आपले १०, सहाला त्यांचे १२ आणि आपले २१, पुढे नियम बराच मवाळ होत जातो.

एकट्या मॉन्स्टरसाठी त्यांनी वेगळी युक्ती काढली, लेजेंडरी ॲक्शन. प्रौढ लाल ड्रॅगनचे हिट पॉइंट २५६, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्यांचा टर्न संपल्यावर तो मधेमधे हालचाल करू शकतो, राऊंडला अशा तीन संधी. तेवढंच डॅमेज चार ठिकाणी वाटलं की एका फाशावर सगळं अडकत नाही. शिवाय चार जादूगारांनी त्याला गारद करायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी तो वाचायची शक्यता ७५ टक्के असली तरी चौघांपैकी निदान एकाचं तरी लागायची शक्यता ६८ टक्के निघते! म्हणून दिवसातून तीन वेळा "नाही लागलं" म्हणायचा हक्क त्याला दिलाय. प्लेयर लोक यावर फार कुरकुरतात.

(सहज हिशोब केला. आमच्या पंचवटीची गोष्ट अशी की रामाने जनस्थानात एकट्याने खर-दूषणाचे १४,००० राक्षस मारले. या बेरजेने गुणाकार लागतो सुमारे ९ कोटी ८० लाख पट, म्हणजे ताकद आणि दम दोन्ही प्रत्येकी ९,९०० पट. देवच पाहिजे.)

आकड्यांना हात न लावता बॅलन्स हलवायचा असेल तर जागा बदला. त्र्यंबकजवळचा हरिहर ज्यांनी चढलाय त्यांना त्या उभ्या कातळातल्या अरुंद पायऱ्या आठवत असतील. ड्रॅगन त्या पायऱ्यांच्या डोक्यावर बसवला तर तलवारवाले एकेक करूनच पुढे येणार, बेरीज ४ + ३ + २ + १ न राहता १ + १ + १ + १ होते, म्हणजे १० ऐवजी ४ पट मॉन्स्टरलाच बरोबरीची लढाई मिळते. लँचेस्टरकडे अशा एकास एक लढाईचा वेगळा, सरळ नियम आहेच. पण चौघांत दोन तिरंदाज असले आणि ते खालून मारत राहिले की ३ + ३ + २ + १, परत ९. म्हणून हरिहरचा मॅप काढला तर मी पावसाळा धरतो आणि पायऱ्यांवर गच्च धुकं टाकतो, तिरंदाजांना वरचं काही दिसत नाही.