स्वतःच्या गाडीवर पुन्हा लाइनला येताना: आधी लायसन्स, मग गाडी

चार-पाच वर्षं मालाची गाडी सोडून दुसरं काहीतरी करून पाहिलं आणि आता पुन्हा स्वतःच्याच गाडीवर स्वतः बसायचं ठरवलंय. चाकणच्या कारखान्याची लाइन थांबू नये म्हणून रातोरात वाळूजहून पार्ट आणायचे, अशी अर्जंट भाडी एकट्या माणसाला जमतात. पण मग माणूस पहिल्यांदा जातो कुठे, तर निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत गाडी बघायला. थांबा. आधी खिशातलं लायसन्स काढून त्यावरची तारीख वाचा.

ट्रान्सपोर्ट लायसन्सची, म्हणजे भाड्याची गाडी चालवायच्या लायसन्सची, मुदत पाच वर्षं असते. संपायच्या आधी एक वर्ष आणि संपल्यावर एक वर्ष, एवढ्या काळात सरकारच्या सारथी या लायसन्सच्या पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस चालून जायचे, २०१९ च्या कायदेदुरुस्तीत ती सवलत गेली. त्यामुळे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर बसलात तर तुम्ही विनालायसन्स. वर्षाच्या वर गेलं की टेस्ट पुन्हा द्यावी लागते. वीस वर्षं घाट चढवलेल्या माणसाला ट्रॅकवर रिव्हर्स घेऊन दाखवायला कमीपणा वाटतो खरा, पण इलाज नाही. अर्जासोबत जुनं लायसन्स, आधार, पत्त्याचा पुरावा आणि डॉक्टरांचा नमुना १-अ दाखला लागतो. आधार आणि लायसन्सवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना ते घरीच बघून घ्या. आठवी पासची अट २०१९ मध्येच निघाली आहे. शाळेच्या दाखल्याच्या नावाखाली कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

फक्त हलक्या वाहनाचं लायसन्स असेल तरी दार बंद नाही. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची (गाडी आणि माल मिळून) मालवाहू गाडी त्यावर चालवता येते, वेगळा ट्रान्सपोर्टचा शेरा लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. अर्जंट कामाच्या बऱ्याच गाड्या याच मापात बसतात. मात्र तोंडी सांगितलेल्या टनेजवर जाऊ नका, आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं, एकूण वजन वाचा.

आता गाडी. जुनी घेत असाल तर नाव ट्रान्सफरला नमुना २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र (एनओसी) आणि नमुना ३५, आणि दुसऱ्या आरटीओकडची गाडी असेल तर नमुना २८. सोबत चेसिस नंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरची, पेन्सिल प्रिंट. हे काम किरकोळ वाटतं. माझ्या गाडीचा चेसिस नंबर गंजाखाली पार गडप झाला होता. रॉकेल लावून, पॉलिश पेपरने घासून, कागद धरून चार वेळा पेन्सिल फिरवली तेव्हा कुठे शेवटचे दोन आकडे उठले. व्यवहार करायच्या आधी हे करा, टोकन दिल्यावर नव्हे.

नाव ट्रान्सफर लांबवू नका, यामागे मोठं कारण आहे. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मिळायला आरसी आणि पॉलिसी दोन्ही तुमच्या नावावर आणि लायसन्स चालू लागतं. एकट्याने गाडी चालवणाऱ्याच्या घरच्यांना नेमका हाच पैसा कामी येणार. गाडीतला माल या पॉलिसीत येत नाही, त्याची वेगळी बोलणी मालवाल्याशी करा.

पुढची कागदपत्रं एकमेकांत अडकलेली असतात. थकलेला टॅक्स आणि ई-चलान आधी भरा, मग विमा आणि पीयूसी, मग पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी. गाडी आठ वर्षांपर्यंतची असेल तर फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बसवावी लागते. गाडी दारात उभी होती म्हणून टॅक्स आपोआप माफ होत नाही. वापर बंद असल्याची सूचना आरटीओला आगाऊ द्यावी लागते, आणि ती बहुतेकांनी दिलेली नसते.

परमिट, म्हणजे माल वाहायचा परवाना, शेवटी. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिटच लागत नाही. त्यावरच्या गाडीला राज्याबाहेर सगळीकडे फिरायचं तर नॅशनल परमिट घ्या. त्याची एकत्रित फी वर्षाला १६,५०० रुपये, शिवाय ऑथरायझेशनचे वेगळे. बारा वर्षांवरच्या गाडीला ते मिळत नाही, मल्टिअ‍ॅक्सलला (दोनपेक्षा जास्त अ‍ॅक्सलच्या गाडीला) पंधरा वर्षांची सूट आहे. जुन्या मालकाचं परमिट गाडीबरोबर आपोआप येत नाही, तेही ट्रान्सफर करून घ्यावं लागतं.

हिशोबाचं थोडक्यात: दहा किंवा कमी गाड्या असल्याचं डिक्लेरेशन आणि पॅन ट्रान्सपोर्टवाल्याकडे दिला की भाड्यातून टीडीएस (आगाऊ कापला जाणारा आयकर) कापत नाहीत. स्वतःची बिल्टी (माल घेतल्याची पावती) फाडत नसाल तर तुमच्या भाड्यावर जीएसटी लागत नाही.

राहिलं ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल. राज्याबाहेर जाणारा ५० हजारांवरचा माल असो की महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातला एक लाखावरचा, बिल हवंच. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे अर्जंट गाडीला मुदतीची चिंता फारशी नाही. घोटाळा होतो गाडी नंबरचा. रात्री दोनला गाडी बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर ती हलायच्या आधी बिलाच्या गाडी नंबरच्या भाग ‘ब’ मध्ये नवा नंबर चढला पाहिजे. म्हणून भाडं उचलतानाच विचारून ठेवा, रात्री फोन उचलून नंबर बदलून देणारा माणूस कोण.