सपाट फळीवर वाऱ्याचा जोर किती?

एक चौरस मीटरची सपाट फळी वाऱ्याच्या वाटेत काटकोनात उभी केली, तर तिच्यावर किती बल पडेल? मनात पहिल्यांदा येणारा हिशेब असा असतो. वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर दर सेकंदाला १० घनमीटर हवा फळीच्या रोखाने येते. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलो असते, म्हणून ही हवा १२ किलो झाली. ती सगळी फळीपाशी थांबली असे मानले, तर संवेगातील (वस्तुमान गुणिले वेग) बदलावरून बल १२० न्यूटन येते.

प्रत्यक्षात मोजले, तर चौरस फळीवर जेमतेम ७० न्यूटन, म्हणजे सुमारे ७ किलो वजनाइतके बल आढळते. याचे कारण असे, की फळीपुढे वाढलेल्या दाबामुळे हवा तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच बाजूंना वळू लागते आणि पूर्णपणे थांबते ती फक्त मध्यबिंदूपाशी. तेथे दाब सभोवतालच्या दाबापेक्षा घनता गुणिले वेगाचा वर्ग याच्या निम्म्याने, आपल्या उदाहरणात ६० पास्कलने (म्हणजे दर चौरस मीटरला ६० न्यूटनने) वाढतो, आणि कडांकडे तो उतरत जातो. मात्र ही अर्धीच गोष्ट झाली. कडांवरून निसटलेली हवा फळीच्या पाठीला चिकटून वाहू शकत नाही. तेथे भोवरे उठतात, दाब घटतो आणि फळी मागूनही ओढली जाते. एकूण बलाचा निदान एक तृतीयांश भाग या ओढीतून येतो, जो पहिल्या हिशेबात कुठेच नव्हता.

म्हणून ६० पास्कलला क्षेत्रफळाने आणि प्रयोगाने ठरवलेल्या रोध गुणांकाने गुणतात. चौरस फळीसाठी तो सुमारे १.१७ असतो. लांबलचक अरुंद पट्टीसाठी मात्र तो २ च्या जवळ जातो, कारण तिच्यामागची ओढ बरीच तीव्र असते. म्हणजे येथे पहिल्या हिशेबाचे उत्तर बरोबर येते, पण तो निव्वळ योगायोग आहे.

हा गुणांक चुकला, तर पुढचे सारे चुकते. इंग्लिश अभियंता जॉन स्मीटन यांनी १७५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकावरून जो आकडा शतकभराहून अधिक काळ रूढ होता, तो आजच्या सूत्रात मांडल्यास जवळजवळ १.९५ येतो. राइट बंधूंच्या ग्लायडरला अपेक्षेइतकी उचल मिळेना, तेव्हा १९०१ मध्ये त्यांनी तो तपासला आणि त्यांना तो सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला.

वेगाचा वर्ग असल्याने वारा दुप्पट झाला की बल चौपट होते: ताशी ७२ किलोमीटरला २८० न्यूटन, तर ताशी १४४ किलोमीटरला १,१२० न्यूटन. त्यामुळे सरासरी वेग घेऊन केलेला हिशेब झोतांच्या वेळी तोकडा पडतो. मोठ्या पृष्ठभागाला मात्र थोडी सवलत मिळते. १८७९ मध्ये स्कॉटलंडमधील टे पूल वादळात कोसळल्यानंतर तेथल्याच फोर्थ पुलाच्या बांधणीवेळी ३०० चौरस फुटांची फळी उभारून वाऱ्याचा दाब मोजण्यात आला. शेजारच्या लहान फळ्यांच्या तुलनेत मोठीवरचा दर चौरस फुटाचा दाब कमी भरला, कारण जोरदार झोत एकाच क्षणी एवढी सगळी फळी व्यापत नाही.