अट ‘ऑन’मध्ये लिहायची की ‘व्हेअर’मध्ये?

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत दोन टेबलांच्या ओळी जुळवायला जॉइन लागतो. लेफ्ट जॉइन डाव्या टेबलातली प्रत्येक ओळ ठेवतो, जोडी मिळो न मिळो. ओळी कशा जुळवायच्या ते ‘ऑन’मध्ये लिहितात, जुळवून झाल्यावरची चाळणी ‘व्हेअर’मध्ये. लेफ्ट जॉइन लावूनही यादीतून नावं गळाली की लोक राइट, फुल असे सगळे जॉइन लावून बघतात. बहुतेक वेळा जॉइनचा प्रकार बरोबरच असतो. अट भलत्या ठिकाणी पडलेली असते.

सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेचा हिशेब घेऊ. डाव्या ‘विद्यार्थी’ टेबलात चौघं: स्नेहल, अमोल, रेश्मा, गणेश. ‘भरणा’ टेबलात पाच नोंदी: स्नेहलचे मे आणि जूनचे प्रत्येकी १२०० रुपये, अमोलचे फक्त मेचे १२००, रेश्माचे जूनचे दोन हप्ते, ७०० आणि ५००. गणेश नवा, त्याची नोंदच नाही. जूनची यादी हवी आहे, पण चौघांचीही नावं दिसली पाहिजेत.

पहिली पद्धत: ‘ऑन’मध्ये फक्त विद्यार्थी क्रमांक जुळवायचा आणि ‘व्हेअर’मध्ये ‘महिना = जून’ लिहायचं. जॉइन आधी होतो आणि सहा ओळी तयार होतात. गणेशच्या ओळीत भरण्याचे सगळे रकाने नल, म्हणजे माहितीच नसलेले. मग ‘व्हेअर’ची चाळणी लागते. अमोलच्या ओळीत मे आहे, ती गळते. गणेशच्या ओळीत नल आहे. नलची जूनशी तुलना केली तर उत्तर ‘खरं’ही नाही, ‘खोटं’ही नाही, ‘अज्ञात’ येतं, आणि ‘व्हेअर’ फक्त ‘खरं’ ठेवतं. उरतात तीन ओळी. म्हणजे लिहिला लेफ्ट जॉइन, झाला इनर, फक्त जोडी मिळालेल्या ओळी ठेवणारा. ज्यांना फोन करून पैसे मागायचे, नेमके तेच दोघं यादीत नाहीत!

दुसरी पद्धत: ‘महिना = जून’ ही अट क्रमांकाच्या अटीला ‘अँड’नं जोडून ‘ऑन’मध्येच लिहायची. आता जुळवतानाच जून बघितला जातो आणि ज्याला जोडी मिळाली नाही त्याची ओळ नल भरून परत येते. पाच ओळी, चौघंही हजर. रेश्मा दोनदा दिसते, कारण तिचे हप्तेच दोन. तिथं ‘ग्रुप बाय’ करून, म्हणजे प्रत्येकाच्या ओळी एकत्र करून, बेरीज घ्या. ओळी मोजायच्या असतील तर ‘काउंट’मध्ये चांदणी (*) न टाकता भरण्याचा क्रमांक द्या, नाहीतर गणेशनं एकदा पैसे भरले असं दिसेल.

पहिल्या पद्धतीवर एक ठिगळ फार चालतं: ‘व्हेअर’मध्ये ‘किंवा महिना नल असेल’ हे जोडायचं. गणेश परत येतो, त्यामुळे सगळं नीट झालं असं वाटतं. अमोल मात्र येत नाही. त्याला मेची जोडी मिळाली होती, म्हणून त्याच्या ओळीत नल कधी नव्हताच. चाचणीच्या डेटात असा अमोल नसेल तर ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

फक्त थकबाकीदार हवेत? मग दोन्ही लागतात: जूनची अट ‘ऑन’मध्ये आणि ‘भरण्याचा विद्यार्थी क्रमांक इज नल’ ‘व्हेअर’मध्ये. अमोल आणि गणेश मिळतात. नलची तपासणी ‘शेरा’सारख्या रकान्यावर करू नका, तो भरणा होऊनही रिकामा असू शकतो.

डाव्या टेबलाच्या अटीचं उलट आहे. ‘फक्त सकाळच्या बॅचची मुलं’ ही अट ‘ऑन’मध्ये टाकली तर संध्याकाळची मुलं यादीत तशीच राहतात, फक्त त्यांचा भरणा नल दिसतो. ती ‘व्हेअर’मध्येच हवी. इनर जॉइनमध्ये अट कुठंही लिहा, उत्तर तेच.

शंका असेल तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्वेरीपुढे ‘एक्स्प्लेन’ लावून बघा, क्वेरी कशी चालणार ते दिसतं. पहिल्या पद्धतीत जॉइनच्या नावात ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’ हा शब्दच दिसणार नाही. ‘व्हेअर’ नलच्या ओळी फेकणारच आहे हे ओळखून पोस्टग्रेसनं तुमचा लेफ्ट जॉइन आधीच इनर करून टाकलेला असतो.