हात भरलेले, कान मोकळे

थॉमस गेन्सबरो हा अठराव्या शतकातला इंग्लिश चित्रकार. श्रीमंतांची पोर्ट्रेट काढून पोट भरायचा आणि त्या कामाला पुरता विटलेला असायचा. आपले व्हायोल (गजाने वाजवायचे जुने तंतुवाद्य) उचलावे आणि एखादे शांत खेडे गाठावे, असे त्याने एका मित्राला पत्रात लिहूनही टाकले होते. त्याच्या स्टुडिओत घडलेला एक प्रसंग जे. टी. स्मिथ यांनी लिहून ठेवला आहे. हौशी वादकांत नावाजलेले कर्नल हॅमिल्टन व्हायोलिन वाजवत होते. त्यांनी थांबू नये म्हणून गेन्सबरो म्हणाला, वाजवत राहा, ते मुलाचे चित्र तुम्ही कधीपासून विकत मागताय ना, ते तुमचे. कर्नल वाजवत राहिले आणि निघताना भाड्याच्या गाडीत चित्र घालून घेऊन गेले.

स्टुडिओत गाणे हवे असेल तर त्याची किंमत तेव्हा ही होती. आज कुठल्याही चित्रकाराला विचारा, काम करताना काय ऐकता, तर तो आवडीनिवडी सांगू लागतो: अमुक राग, तमुक बँड, किंवा ‘मला शांतताच लागते’. पण या सवयीचा इतिहास पाहिला तर आवडीचा भाग थोडा निघतो. खरा प्रश्न नेहमी दोनच गोष्टींचा होता. वाजवणारा माणूस खोलीत बसलाय का, आणि नसेल तर रंगाने भरलेल्या हातांनी उठून दर किती मिनिटांनी काहीतरी बदलावे लागते?

लिओनार्दोचे उदाहरण हमखास दिले जाते. मोनालिसाच्या चेहऱ्यावर उदासी येऊ नये म्हणून त्याने गाणारे-वाजवणारे आणि विदूषक बसवले होते, असे इटालियन चित्रकार आणि चरित्रकार वसारीने 1550 मध्ये छापलेल्या चरित्रग्रंथात म्हटले आहे. आता, लिओनार्दो वारला तेव्हा वसारी सात वर्षांचा होता, आणि चित्र फ्रान्समध्ये होते. गोष्ट गोड आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये. शिवाय ते संगीत चित्रकारासाठी नव्हतेच, समोर ताटकळत बसलेल्या बाईसाठी होते. गाण्याची बैठक आणि मॉडेलची बैठक याला आपण मराठीत एकच शब्द वापरतो. वसारीच्या गोष्टीत दोन्ही बैठका एकाच खोलीत आल्या आहेत, इतकेच.

लिओनार्दोच्या स्वतःच्या टिपणांतला उतारा त्याहून कामाचा आहे. चित्रकला मोठी की शिल्पकला, या जुन्या वादात तो लिहितो की शिल्पकार घामाने आणि संगमरवराच्या भुकटीने असा माखतो की पाववाला वाटावा. चित्रकार मात्र चांगले कपडे घालून स्वच्छ घरात बसतो, आणि त्याच्या सोबतीला पुष्कळदा संगीत असते किंवा कोणीतरी उत्तम ग्रंथ वाचून दाखवत असते. हातोड्यांचा आवाज नसल्यामुळे हे सगळे नीट ऐकू येते. म्हणजे संगीत हा दर्जाचा पुरावा. आमचे काम गवंड्यासारखे गोंगाटाचे नाही, हे सांगण्यासाठी त्याने गाणे मध्ये आणले आहे. यात थोडी फुशारकी आहे. तरीही, हात चालू असताना कान मोकळा राहतो ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे त्याच्याआधी कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुढच्या तीनशे वर्षांत फरक फारसा पडला नाही. वाजवणारा मित्र असावा लागे, नाहीतर स्वतःच वाजवावे लागे. फ्रेंच चित्रकार देलाक्रवा नशीबवान, त्याचा मित्र होता पियानोवादक-संगीतकार शोपँ. 1838 मध्ये शोपँ आणि लेखिका जॉर्ज सँड यांचे एकत्र चित्र काढायचे ठरले तेव्हा देलाक्रवाच्या पॅरिसमधल्या स्टुडिओत पियानो आणवला गेला. चित्राचा विषयही तोच: तो वाजवतोय, ती ऐकतेय. चित्र पुरे झालेच नाही. देलाक्रवाच्या मृत्यूपर्यंत ते त्याच्याकडेच पडून होते आणि नंतर कोणीतरी ते कापून त्याची दोन चित्रे केली. शोपँ आज लूव्रमध्ये आहे, सँड कोपनहेगनजवळच्या ऑर्ड्रुपगार्ड संग्रहालयात. ऐकणारी एका देशात, वाजवणारा दुसऱ्या! चार वर्षांनी, 1842 च्या जूनमध्ये, देलाक्रवा सँडच्या नोआँ इथल्या घरी राहून काम करत होता. तिथून त्याने मित्राला लिहिले की बागेकडच्या खिडकीतून मधूनच शोपँच्या वादनाची झुळूक येते आणि तिच्यात बुलबुलांचा आवाज आणि गुलाबांचा वास मिसळलेला असतो. काम करताना कानावर येणाऱ्या संगीताचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही. तो काही लक्ष देऊन ऐकत नव्हता. झुळूक यायची आणि जायची.

आपल्याकडे हा विषय निघाला की लगेच रागमालांकडे, म्हणजे एकेका रागाला रूप देणाऱ्या लघुचित्रांकडे, बोट दाखवले जाते. विजापूरचा इब्राहिम आदिलशाह दुसरा आपल्या तंबोऱ्याला मोती खान म्हणायचा. दख्खनच्या सोळाव्या शतकातल्या रागमाला कोणाही चित्रकाराने एकदा तरी डोळे भरून पाहाव्यात. पण रागमाला रंगवणारा कलावंत राग ऐकत ऐकत चित्र काढत होता, असे मानायला आधार नाही. त्याच्यासमोर रागाचे ध्यान सांगणारे श्लोक असत, नायिका कशी, झोपाळा कुठे, ढग कोणत्या रंगाचे. ते कान देऊन काढलेले नाही, वाचून काढलेले चित्र आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राचेही, म्हणजे त्यातल्या चित्रकलेवरच्या भागाचेही, तसेच. मार्कंडेय वज्र राजाला सांगतात की नृत्य कळल्याशिवाय चित्र कळत नाही, नृत्यासाठी वाद्य कळावे लागते आणि वाद्यासाठी गीत. भाषणांत हे वाक्य टाळ्या घेते. पण तो अभ्यासक्रम आहे. काम करताना कोपऱ्यात वीणा वाजत होती असा त्याचा अर्थ नव्हे.

गाणे आणि चित्र खरोखर एकाच वेळी घडते ते वारल्यांच्या लग्नघरात. सवाशिणी शेणाने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक ‘लिहितात’ (शब्द त्यांचाच), आणि सोबत गाणी चालू असतात. लग्न लावणारी धवलेरीही बाईच, आणि तिचे काम गाण्यानेच होते. चौकात पालघट देवी बसते. इथे गाणे विरंगुळ्यासाठी नाही, ते विधीचाच भाग आहे. जात्यावरच्या ओवीला निदान दळण हलके करायचे काम असते, चौकाच्या गाण्याला तेही नाही. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी गंजाड भागात कागद आणि रंग नेले, जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखे पुरुष रोज चित्र काढू लागले आणि वारली चित्र जगभर गेले. कागदावर आले ते चित्र. गाणे मागे भिंतीपाशी राहिले. हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. कागदाला धवलेरी लागत नाही, एवढेच.

मग यंत्र आले. एडिसनचा फोनोग्राफ 1877 चा, बर्लिनरची सपाट तबकडी दहा वर्षांनंतरची. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या गायस्बर्गने कोलकात्यात गायिका गौहरजानचे गाणे मुद्रित केले आणि हिंदुस्तानी संगीतही तबकडीवर आले. वाजवणारा आता खोलीत असायची गरज उरली नाही. पण चित्रकाराच्या दृष्टीने ही सोय अर्धीच होती. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. मग उठा, तबकडी उलटा, पोलादी पिन बदला, चावी द्या. हाताला ऑइल आणि टर्पेंटाइन लागलेले. एका त्वचेच्या छटेवर काम करायला बसलात तर तेवढ्यात पाच वेळा उठणे झाले.

तरीही या यंत्रावर जीव लावणारे होतेच. डच चित्रकार पीट मोंद्रियानला आपण आडव्या-उभ्या रेषांचा कडक शिस्तीचा माणूस म्हणून ओळखतो. प्रत्यक्षात तो जॅझवेडा होता आणि नाचायचाही. ऑक्टोबर 1940 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, तो युद्धातून निसटून न्यूयॉर्कला उतरला. चित्रकार-मित्र हॅरी हॉल्ट्झमन याने त्याला बूगी-वूगीच्या रेकॉर्ड ऐकवल्या आणि म्हातारा खूश झाला. बूगी-वूगीत पियानोवादकाचा डावा हात एकच ठेका धरून राहतो आणि उजवा त्याच्यावर मोकाट सुटतो. मोंद्रियान तेव्हा रंगीत कागदी पट्ट्या कॅनव्हासवर चिकटवायचा, सरकवायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. 1942-43 च्या ‘ब्रॉडवे बूगी वूगी’त काळ्या रेषा गेल्या आणि पिवळ्या पट्ट्यांवर लाल-निळे तुकडे उड्या मारू लागले. पुढचे ‘व्हिक्टरी बूगी वूगी’ 1944 च्या फेब्रुवारीत तो गेला तेव्हा अपुरेच होते, पट्ट्या अजून चिकटलेल्या.

अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकबद्दल मात्र लोकांनी उगाच चित्र रंगवले आहे. जॅझ मोठ्याने लागलाय आणि हा कॅनव्हासभोवती फेर धरत रंग ओततोय, असे सगळ्यांना वाटते. त्याची बायको, चित्रकार ली क्रॅझनर, सांगायची की तो दिवसरात्र, तीन-तीन दिवस जॅझच्या रेकॉर्ड लावून बसायचा, घर डोक्यावर घ्यायचा. खरे आहे, पण ते घरात. स्टुडिओ होता बाजूच्या खळ्याच्या कोठारात, आणि गाजलेली ठिबकचित्रे झाली त्या वर्षांत तिथे ना दिवा होता ना शेगडी. छायाचित्रकार हान्स नामुथने त्याच्यावर काढलेल्या फिल्ममध्ये संगीत ऐकू येते ते संगीतकार मॉर्टन फेल्डमनने नंतर रचून दिलेले. पोलॉक ऐकायचा वेगळ्या वेळी, काढायचा वेगळ्या वेळी. रशियन चित्रकार कँडिन्स्कीचेही तेच. 1911 च्या जानेवारीत म्युनिकला संगीतकार शोनबर्गची मैफल ऐकून आल्यावर त्याने ते पिवळ्याजर्द रंगाचे ‘इम्प्रेशन 3’ रंगवले. घरी येऊन, आठवणीतून.

1948 मध्ये एलपी, म्हणजे लाँग-प्लेइंग तबकडी, आली. एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागली आणि मिनिएचर करणाऱ्याचाही एक वॉश वाळेपर्यंत गाणे टिकू लागले. पण एलपी महाग, तिचा फोनो महाग. आपल्याकडच्या बहुतेक चित्रकारांचे, पोस्टर आणि साइनबोर्ड रंगवणाऱ्यांचे खरे दैवत होते रेडिओ. त्याला हात लावावा लागत नाही हा त्याचा मोठा गुण. निवडता येत नाही हा दोष, आणि मला विचाराल तर तोही गुणच. 1952 मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. या मराठी मंत्र्याला सिनेसंगीताचा तिटकारा होता. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली, त्याच वर्षी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अर्धा देश रेडिओ सिलोन लावू लागला आणि 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली. केसकरांना सगळ्यांनी नावे ठेवली. पण ब्रश हातात असल्यामुळे स्टेशन बदलायला न उठलेल्या किती जणांच्या कानांवर त्या वर्षांत नकळत ख्याल पडला असेल, याचा हिशोब कोणी मांडला नाही.

मुंबईत एक जागा अशी होती जिथे यंत्राशिवायही भागत असे. वॉर्डन रोडवरची भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट. आता त्या रस्त्यालाच भुलाभाईंचे नाव आहे. तिथे हुसेन, गायतोंडे, प्रफुल्ला डहाणूकर या चित्रकारांचे स्टुडिओ होते, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत, आणि रविशंकर यांनी 1962 मध्ये सुरू केलेली किन्नर ही संगीतशाळाही तिथेच. एका भिंतीपलीकडे सतार, एका भिंतीपलीकडे संवाद. त्यात गायतोंडे! गिरगावच्या चाळीत वाढलेला, बोलण्यापेक्षा गप्प राहण्यासाठीच प्रसिद्ध असलेला माणूस. संगीताचा त्यांना ओढा होता, पण चित्राबद्दल बोलताना त्यांच्या तोंडी शब्द यायचा तो शांतता. रोलर फिरवायचा, सुरीने रंग काढायचा, मग नुसते बघत बसायचे. वर्षाला मोजकीच चित्रे. हुसेन नेमके उलटे. पुढे त्यांनी भीमसेन जोशींचे गाणे चालू असताना प्रेक्षकांसमोर चित्र काढले आणि त्याला जुगलबंदी म्हटले गेले. मला तो प्रकार कधी पटला नाही. चित्रकार ऐकतोय हे बघायला लोक जमले की तो ऐकत नसतो, ऐकतोय असे दाखवत असतो. माझे मत, तुमचे वेगळे असू शकते.

फिलिप्सची कॅसेट 1963 ची, पण आमच्या हॉस्टेलवर ती आली तेव्हा नव्वदीचे दशक उजाडले होते. टेपरेकॉर्डर चौघांत एक. त्याच्या प्लेच्या बटणावर बर्न्ट सिएनाचा तपकिरी ठसा होता, रिवाइंडवर पांढरा. कोणी किती उठायचे यावरून भांडणे व्हायची. नव्वद मिनिटांची कॅसेट असेल तर पंचेचाळीस मिनिटे निर्धास्त. रात्री सबमिशन असले की साठवाली कोणी लावू देत नसे. वॉकमन 1979 पासून बाजारात होता, पण आमच्यात तो एकाकडेच, आणि तो कानाला लावून बसला की आम्हाला चक्क अपमान वाटायचा.

मोझार्ट ऐकले की बुद्धी वाढते, हे तेव्हाच कुणीतरी सांगितले होते. त्यामागचा 1993 चा प्रयोग नंतर वाचला. 36 विद्यार्थी, दहा मिनिटे पियानो सोनाटा, त्यानंतर आकृत्यांचे कोडे. परिणाम टिकला पंधराएक मिनिटे. आणि कोडे सोडवताना संगीत बंद होते.

दोन वर्षांपूर्वी जुलैत पेणला एका गणपतीच्या कारखान्यात बसलो होतो. स्प्रेचा कॉम्प्रेसर धडधडत होता, म्हणून ब्लूटूथ स्पीकर पूर्ण आवाजात. कोळीगीते, मग आरत्यांचे रिमिक्स, मग पुन्हा कोळीगीते. फोन मालकाच्या मुलाकडे. दुपारी कॉम्प्रेसर थांबला. आखणी करणारे काका आले, स्टुलावर बसले, बारीक ब्रश ओठांत धरून टोक केले. डोळ्यांचे काम. काही न बोलता त्यांनी मुलाकडे नुसते पाहिले आणि त्याने गाणे थांबवले. पुढची वीस मिनिटे कारखान्यात फक्त बाहेरचा पाऊस ऐकू येत होता. चार मूर्तींचे डोळे झाले, काकांनी ब्रश पाण्यात खळखळवला, आणि मुलाने जिथे थांबवले होते तिथूनच, अर्ध्या ओळीवरून, गाणे पुढे सुरू केले.